उष्टी फुलं

“म्हणजे उष्टी फुलं,” सासूबाई म्हणाल्या आणि वहीवरची नजर काढून खिडकीबाहेर बघू लागल्या.

मुलीच्या लग्नाचा हिशेब चालू होता. जेवण, जागेचं भाडं, सांगलीहून येणाऱ्या वरपक्षाची उतरायची सोय, भटजी, कपडे, असं सगळं लिहून झाल्यावर ‘सजावट’ या शब्दापुढे आम्ही पंधरा हजार रुपये मांडले होते. मांडले म्हणजे उरलेच तेवढे. सजावटवाल्याने पहिला आकडा ऐंशी हजारांचा सांगितला, दुसरा पासष्टचा. आमचा आकडा ऐकल्यावर तो हसला नाही, याबद्दल मला अजूनही त्याचं कौतुक वाटतं. जरा वेळ विचार करून त्याने विचारलं, “आंटीजी, आपका मुहूर्त सुबह का है ना?”

आमचा मुहूर्त सकाळी अकरा चाळीसचा होता. दुर्गापुऱ्यात ही गोष्ट सांगितली की लोकांना गंमत वाटते. इथली लग्नं रात्रीची. टोंक रोडच्या दोन्ही अंगांना मॅरेज गार्डनं आहेत. साव्याच्या दिवशी, म्हणजे इथल्या लग्नतिथीला, संध्याकाळी सात वाजल्यापासून रस्त्यावर एकामागून एक वरातींची रांग लागते, आणि फेरे होतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते. पहाटे मुलीची पाठवणी होते. मग कामगार शिड्या लावतात आणि रात्री उभी केलेली सगळी शोभा उतरवतात. मराठी माणसांचं लग्न त्यानंतर चार तासांनी. सजावटवाल्याचं म्हणणं साधं होतं. आदल्या रात्री त्याच बागेत एक मोठं लग्न होतं. त्याची सजावट त्याने उतरवायची नाही, दुपारपर्यंत तशीच ठेवायची. माघाचा महिना, रात्री गारठा, फुलं सकाळी टवटवीत असणार. बारा हजार रुपये.

आम्हाला इथे येऊन एकतीस वर्षं झाली. रेल्वेच्या नकाशावर दुर्गापुरा हे जयपूरच्या जरा आधीचं छोटं स्टेशन. सवाई माधोपूरकडून येताना लागतं. शेतीतल्या लोकांना ते नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असतं. इथल्या कृषी संशोधन केंद्राने काढलेलं ‘दुर्गापुरा मीठा’ हे कलिंगड, पिवळसर केशरी गराचं ‘दुर्गापुरा केसर’ आणि ‘दुर्गापुरा मधु’ हे खरबूज देशभर पेरलं गेलं आहे. आम्ही आलो तेव्हा केंद्राच्या भिंतीपलीकडे शेतं दिसत. आता भिंतीअलीकडे मॅरेज गार्डनं आहेत. असो.

सासूबाईंचा शब्द मात्र डोक्यातून जाईना. उष्टं म्हणजे नक्की काय? शिळं वेगळं, वापरलेलं वेगळं, निर्माल्य वेगळं. देवाला वाहिलेलं फूल निर्माल्य होतं. ते पुन्हा वाहायचं नाही, पण त्याला मान असतो, पायदळी येऊ द्यायचं नाही. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. मात्र मधमाशीने आधी त्यात तोंड घातलेलं चालतं, नाहीतर पंचामृतात मध कुठून येणार? वासराने आधी पिऊन घेतलेल्या गाईचं दूधही चालतं. उष्टेपणा वस्तूत नसतो, आपल्या आधी तिथे कोण होतं आणि त्याच्याशी आपलं नातं काय, यात असतो. आईच्या ताटातलं आपण खातोच. घोडीचं उदाहरण तर मला फारच पटलं. साव्याच्या रात्री एकच घोडी दोन-तीन नवरदेवांना पाठीवर घेते, पण उष्ट्या घोडीवर बसलो असं कुणी म्हणत नाही. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “घोडी नवरदेवाची असते. फुलं मुलीची असतात.” यावर मला उत्तर सुचलं नाही. ते वाक्य बरोबर आहे की नुसतं ऐकायला बरोबर आहे, हे मला आजही ठरवता येत नाही.

माझ्या मनात आलं ते वेगळंच. पाहुण्यांना वाटणार, आम्ही ऐंशी हजारांची फुलं लावली. त्यांना तसं वाटू देणं म्हणजे खोटं बोलणं का? लग्नात मागून आणलेले दागिने घालण्याची चाल जुनीच आहे. चुलत जावेची मोत्यांची नथ, मावशीचा शालू आणि शेजारणीच्या पाटल्या अंगावर घेऊन कितीतरी नवऱ्या मुली बोहल्यावर उभ्या राहिल्या आहेत. पण तिथे निम्म्या मांडवाला नथ कुणाची ते माहीत असायचं. उसनं आणलेलं उसनं म्हणून ओळखू यायचं. आमच्या फुलांना ती ओळख नव्हती.

आमच्या माणदेशातल्या गावी सजावट हा शब्दच नव्हता. मांडव होता. लग्नाच्या आदल्या दिवशी बैलगाड्या जुंपून पोरं ओढ्याकाठी जात आणि आंबा, जांभूळ, उंबर यांचे डहाळे आणत. वाजतगाजत त्या गाड्या आधी मारुतीपुढे थांबत, मग लग्नघरी येत. मांडवडहाळे म्हणतात त्याला. तो हिरवा पाला अंगणातल्या मेढींवर चढला की मांडव झाला. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, दोन बाजूंना केळीचे खुंट. पैसा जवळजवळ लागत नसे. हे सगळं आठवून गहिवरायला मी तयार असते, पण त्यात एक अडचण आहे. मांडव फुकट होत नव्हता. ज्याने गाडी दिली त्याच्या घरच्या लग्नाला आपली गाडी द्यावी लागे. गुरवाने पत्रावळी आणायच्या, कुंभाराने बोळकी आणि मडकी द्यायची, महारवाड्यातल्या माणसांनी सरपण फोडायचं. त्याला कुणाचा हक्क म्हणायचे, कुणाचं काम म्हणायचे. मोबदला सुगीला, खळ्यावर, देणाऱ्याच्या मर्जीने. ज्यांनी सरपण फोडलं ते जेवायला कधी आणि कुठे बसले, हे मला लहानपणी दिसलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता.

त्या मांडवाच्या जागी आता पैसा आला. आमची भावकी इथून हजार किलोमीटरवर. गाडी मागायची कुणाकडे? म्हणून बारा हजार. मला त्याचं दुःख होत नाही. पैसे देऊन मोकळं होता येतं, ही शहराने माणसाला दिलेली मोठी सोय आहे. फक्त मोकळं होताना आपण कुणाला किती दिलं, हे नीट पाहावं लागतं. गावात ते न पाहूनही दिसत होतं.

लग्नाच्या खर्चाचा विचार जयपुरात बसून करताना ज्याने हे शहर वसवलं त्याची आठवण येणं साहजिक आहे. 1727 मध्ये जयपूरचा पाया घालणाऱ्या सवाई जयसिंहाने राजपुतांच्या लग्नखर्चाला मर्यादा घालायचा प्रयत्न केला होता. जेम्स टॉडने राजस्थानच्या इतिहासात ती हकीकत दिली आहे. जयसिंहाने राजपूत राजांपुढे एक नियम ठेवला: हुंडा आणि लग्नाचा बाकीचा खर्च सरदाराच्या जहागिरीच्या एका वर्षाच्या उत्पन्नापेक्षा जास्त नसावा. ही केवळ काटकसर नव्हती. लग्न परवडत नाही म्हणून काही घराण्यांत मुली जन्मताच मारल्या जात, आणि ते थांबवण्याचा हा एक मार्ग होता. मग काय झालं? टॉड सांगतो, मेवाडातल्या सलुंबरच्या चुंडावत सरदाराने आपल्या मुलीच्या लग्नात त्याच्या धन्यालाही झेपला नसता एवढा खर्च केला. कारण एकच, भाटांनी आपलं नाव गाजवावं. नियम तिथेच बसला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वॉल्टर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुढाकाराने राजपुतान्यात राजपूत हितकारिणी सभा निघाली, तिनेही उत्पन्नाच्या प्रमाणात लग्नखर्चाचे नियम केले आणि भाट-चारणांना द्यायच्या दानाला मर्यादा घातली. म्हणजे मधली दीडेकशे वर्षं प्रश्न जागच्या जागी होता.

भाटांच्या जागी आज फोटो काढणारे आहेत, एवढं म्हणून हा विषय सोडता आला असता. पण राजाने सरदाराला काटकसर सांगणं आणि सरकारने कुणब्याला सांगणं यात मोठा फरक आहे, आणि त्याचं उदाहरण आपल्याकडचं आहे. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली आणि दंगा पसरला. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगासमोर नेहमीचं स्पष्टीकरण आलंच असणार: हे लोक लग्नावर उधळतात म्हणून कर्जात बुडतात. आयोगाने ते मानलं नाही. रयतेच्या कर्जाचं कारण म्हणून लग्नसमारंभाच्या खर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या माणसाच्या ऐपतीच्या मानाने तो खर्च मोठा दिसतो, पण असे प्रसंग आयुष्यात थोडेच येतात. परक्या सरकारच्या एका कागदात एवढी समज सापडावी, याचं मला नेहमी नवल वाटतं. गरिबाच्या घरचा हार सगळ्यांच्या डोळ्यावर येतो. त्याचा सारा आणि त्याचं व्याज कुणाला दिसत नाही.

त्याच काळात, त्याच पुण्यात, लग्न स्वस्त करण्याचा एक वेगळा प्रयत्न झाला. 25 डिसेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाजाच्या रीतीचं पहिलं लग्न लागलं, अगदी थोड्या खर्चात आणि पुरोहिताशिवाय. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. ज्या घराने हे घडवलं त्याचं आडनाव फुलांवरून पडलेलं होतं. मूळचे कटगुणचे गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांना फुलं, हार, गजरे पुरवू लागले आणि फुले झाले. शनिवारवाड्याच्या समारंभांसाठी किती फुलं लागतात आणि ती ओवायला किती हात लागतात, हे ज्या घरात पिढीजात ठाऊक होतं, त्या घरातून साध्या लग्नाची कल्पना आली. मला हा योगायोग वाटत नाही. जोतिरावांच्या त्या लग्नपद्धतीत काय वगळलं गेलं ते बघण्यासारखं आहे. दक्षिणा गेली. वधूवरांनी एकमेकांना द्यायचं वचन राहिलं. काय कापायचं हे त्यांनी ‘हे पैसे कुणाकडे जातात’ असं विचारून ठरवलं.

याच्या शेजारी जमनालाल बजाज यांची गोष्ट ठेवावी लागते, कारण ती या मातीतली आणि वर्ध्याचीही आहे. जयपूर संस्थानातल्या सीकरजवळच्या काशी का बास या गावी 1889 मध्ये जन्मलेला मुलगा वर्ध्याच्या श्रीमंत घरात दत्तक गेला आणि पुढे गांधीजींचा पाचवा पुत्र म्हणवला गेला. त्यांनी 1926 मध्ये आपल्या मुलीचं लग्न साबरमती आश्रमात, मारवाडी थाटमाट टाळून, साधेपणाने लावलं. ही मोठी गोष्ट होती, त्यांच्या समाजात तर फारच मोठी. पण त्यातली एक बाब मला स्वस्थ बसू देत नाही. शेठजींनी साधं लग्न केलं तर त्याला त्याग म्हणतात. आम्ही साधं लग्न केलं तर विचारतात, “काय, तंगी आहे का?” साधेपणाला पुण्याई मिळायची तर आधी थाट परवडत असावा लागतो. ज्याला परवडत नाही त्याचा साधेपणा नुसता उघडा पडतो. म्हणून गरीब घरं थाट करतात. तो नेहमी मोठेपणासाठी नसतो. कित्येकदा ते अब्रू झाकायचं कापड असतं. मुलीच्या सासरच्यांनी पहिल्याच दिवशी आपल्याला कमी लेखू नये, एवढंच त्यात असतं. त्या रात्री वही मिटताना माझ्या मनातही तेवढंच होतं, हे कबूल करते.

तरीही फुलं फक्त अब्रूची नव्हती. लेकीला झेंडू हवा होता. तिला लहानपणापासून तो आवडतो. झेंडूला इथे हजारा म्हणतात. तो मूळचा मेक्सिकोचा, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आला आणि असा रुळला की त्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही. निशिगंधही तिथलाच. आपल्या मांडवातल्या परंपरेत किती गोष्टी चार-पाचशे वर्षांपूर्वी जहाजातून उतरलेल्या आहेत, हे सासूबाईंना सांगायचा मोह मी टाळला.

बारा हजारांना हो म्हणायच्या आधी मी एक अट घातली. आदल्या रात्रीच्या घरच्या लोकांना विचारायचं. सजावटवाल्याला हे अजिबात पटलं नाही. “फूल मेरे हैं आंटीजी, उन्होंने तो एक रात के पैसे दिए हैं,” तो म्हणाला. व्यवहाराने त्याचं खरं होतं. पण एखाद्याने आपल्या मुलीसाठी रंग निवडावेत, आणि सकाळी तिच्या पाठवणीनंतर परकी माणसं येऊन त्याखाली उभी राहावीत, हे त्याला न सांगता करणं मला जमेना. ते कुटुंब सांगानेरचं होतं. वडील आधी गप्प राहिले, मग म्हणाले, “बाकी सब ठीक है, पर फोटो में तो हमारा ही दिखेगा.” मला क्षणभर राग आला, मग उमगलं की त्यांनी अगदी नेमकी गोष्ट सांगितली होती. एवढे पैसे देऊन माणूस फुलं घेत नाही. हे दुसऱ्या कुणाकडे असणार नाही, एवढी खात्री विकत घेतो. शेवटी त्यांच्या पत्नीने तोडगा काढला. फोटोंसाठी मागे उभी केलेली ऑर्किडची भिंत आणि त्यावरची नावाची अक्षरं रात्रीच काढायची. मांडवाच्या खांबांवरचा झेंडू, दाराची कमान आणि वाटेच्या कडेची फुलं राहू द्यायची. आम्हाला हवं होतं तेवढंच उरलं. त्या बाईंनी जाताना विचारलं, “आपके यहाँ तोरण नहीं मारते?”

नाही मारत. इथलं तोरण लाकडाचं, रंगवलेलं, वर पोपट बसवलेले. नवरदेव दारात येतो आणि त्याला तलवार किंवा लिंबाची काठी लावतो, मग आत पाऊल टाकतो. आमचं तोरण आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं. त्याला कुणी मारत नाही, वाळेपर्यंत दारावर राहतं. शब्द एकच. त्यांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं.

तोरण मात्र घरी करायचं, असं सासूबाईंनी ठरवलं. सगळं उसनं चालेल, दारावरचं नाही. त्यासाठी आदल्या दिवशी पहाटे मी आणि माझी जाऊ बडी चौपडीजवळच्या फूलवालों के खंदे या जुन्या फूलबाजारात गेलो. तिथे मी ज्या तऱ्हेने घासाघीस केली ती आठवून आता अंगावर काटा येतो. फुलांच्या बाजारात गिऱ्हाईकाच्या हाती एक शस्त्र असतं, ते म्हणजे वेळ. साड्या उद्याही विकता येतात. फुलं नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. सकाळी भाव खाणारा झेंडू चार वाजता रस्त्याच्या कडेला ओतून शेतकरी रिकामा टेम्पो घेऊन निघून जातो. विकणाऱ्याला हे माहीत असतं आणि घेणाऱ्याला ते त्याला माहीत आहे हेही माहीत असतं. “दहा वाजले, आता कोण घेणार?” असं मी एका म्हाताऱ्या माणसाला म्हणाले. माझ्याच तोंडून. चार किलो झेंडूमागे साठ रुपये वाचले. जाऊबाई रिक्षात म्हणाल्या, “छान केलंस.” मीही तेव्हा खूश होते.

रात्री आम्ही सहा बायका फरशीवर बसून तोरण ओवत होतो. लेक आली, बसली, दोन फुलं ओवली आणि मेंदी खराब होईल म्हणून उठवली गेली. दोरा संपला तेव्हा कुणीतरी माळ्यावरून सुतळीचा गुंडा आणला. एवढं हसणं त्या घरात बऱ्याच दिवसांनी झालं.

लग्न चांगलं झालं. फुलं खरोखर ताजी होती, गारठ्याने त्यांच्यावर दवासारखं काहीतरी होतं. वरपक्षाकडच्या एक आत्याबाई म्हणाल्या, “फारच खर्च केलात.” मी म्हणणार होते की अहो ही कालची आहेत. म्हटलं नाही. नुसती हसले. ते हसणं म्हणजे माझ्या आधीच्या प्रश्नाचं उत्तर होतं, आणि ते फारसं बरं नव्हतं.

पंगत बसल्यावर मागच्या दाराशी मला एक बाई दिसली. चाळिशीची असेल, बरोबर दहा-बारा वर्षांची मुलगी, आणि दोघींच्या हातांत रिकाम्या गोण्या. मला वाटलं जेवायला आल्या आहेत. मी पानं वाढायला सांगितली. ती म्हणाली, जेवू, पण फुलं कधी उतरवणार? ती पहाटे चारपासून थांबली होती. मग हळूहळू जे कळलं ते असं. रात्रीच्या लग्नानंतर बाग झाडायचं काम या बायकांकडे असतं. त्याचे पैसे सजावटवाला देत नाही आणि बागेचा मालकही देत नाही. त्याऐवजी उतरवलेली फुलं त्यांची. चांगली टणक फुलं निवडून त्या पुन्हा ओवतात आणि सकाळी दुकानदारांना, टेम्पोवाल्यांना गल्ल्यावर आणि गाडीवर लावायला हार विकतात. देवाला वाहिलेली नसतात, त्यामुळे कुणाची हरकत नसते. उरलेल्या पाकळ्या वाळवून विकायच्या, पण त्याला भाव थोडा. खरा पैसा सकाळी आठच्या आतल्या हारांचा. आज ती वेळ टळून गेली होती. दुपारची फुलं आता फक्त वाळवायची.

म्हणजे आमचे त्रेपन्न हजार वाचले, सजावटवाल्याला न मिळणारे बारा हजार मिळाले, सांगानेरच्या वडिलांची परवानगी घेऊन माझं मन स्वच्छ झालं, आणि या सगळ्यात एकच माणूस असं होतं ज्याला कुणी विचारलं नव्हतं. मी फुलांच्या मालकाचा शोध घेतला होता आणि तो बिल भरणाऱ्यापाशी थांबवला होता. सासूबाईंचा शब्द आता मला निराळाच ऐकू आला. आमच्या आधी फुलांवर कुणाचा हात होता, याची चिंता आम्ही करत बसलो. आमच्यानंतर कुणाचा होता, ते कुणाच्या मनात आलं नाही.

मी विचारलं, सकाळच्या हारांचे किती झाले असते? ती आधी सांगेना. मुलीने सांगितलं, साडेतीनशे, कधी चारशे. मी पाचशे दिले. तिने घेतले, पदरात बांधले, आभार वगैरे मानले नाहीत, आणि ते मानायचं कारणही नव्हतं. पण जेवण झाल्यावर मला वाटू लागलं की हा भावही मीच ठरवला. ती पहाटे चारपासून थंडीत उभी होती त्याचं काय, मुलीची शाळा बुडाली त्याचं काय? आणि खंद्यातल्या त्या म्हाताऱ्याचे साठ रुपये? त्यांचा हिशेब कुठल्याच पाचशेत बसत नव्हता. सांगलीच्या पाहुण्यांची गाडी संध्याकाळी होती, सामान बांधायचं होतं; मी तो विचार तिथेच टाकला. रात्री वही उघडली तेव्हा ‘सजावट’ या शब्दाखाली बारा हजार लिहिले, मग पाचशे. त्या पाचशेपुढे काय लिहायचं ते न सुचून जागा मोकळी ठेवली. ती अजून मोकळीच आहे.

चारच्या सुमारास शिड्या लागल्या. त्या दोघी खाली बसून फुलं वेगळी करत होत्या, हात इतके भराभर चालत होते की बघत राहावं. सासूबाई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. शेवटी दारावरचं आमचं तोरण निघालं. सासूबाईंनी स्वतः ते उचलून त्या बाईपुढे धरलं. तिने हातात घेऊन उलटं-सुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. दोऱ्यात ओवलेलं असतं तर घेतलं असतं, म्हणाली. सुतळीतून फुलं सोडवायला फार वेळ जातो.